वर राहिलेली भुवई

"चौथ्या मजल्यावर," लिफ्टमधला माणूस म्हणाला, "बहीण राहते माझी."

ज्याला हे सांगितलं त्याने तर काही विचारलंच नव्हतं. तो नुसता उभा होता, हातात दुधाची पिशवी, नजर दाराच्या पत्र्यावर, म्हणजे पत्र्यात अंधुक दिसणाऱ्या दोघांवर. आणि त्या दोघांतला दुसरा आता खुलासा करू लागला होता. बहिणीचा पाय मुरगळलाय म्हणून येतो, एरवी नाही येत, येत असतो तर तुम्ही पाहिलंच असतं मला. चौथा मजला आला. माणूस बाहेर पडला, दोन पावलं गेला, वळला, आणि दार मिटता मिटता म्हणाला, "सख्खी बहीण." मग पत्र्यात एकटाच उरलेला तो स्वतःकडे बघत राहिला. प्रश्न त्याने विचारला नव्हता हे खरं, पण प्रश्न विचारला गेला होता. डाव्या भुवईने विचारला होता. ती हल्ली वरच असते. तो जेवताना वर असते, दाढी करताना वर असते, झोपेतही वर असते हे बायकोने पाहून सांगितलेलं आहे. उजवी भुवई आपल्या जागी असते, जशी कुणाचीही असावी तशी, आणि डावी, नाकाजवळच्या टोकाला धरून कुणी वर टांगल्यासारखी. समोरच्याला वाटतं, ह्याला आपला संशय आलाय. भाजीवाली म्हणते, सकाळचीच आहे हो, आणि तो गप्प राहिला की म्हणते, बरं, काल संध्याकाळची म्हणा. बँकेतला कारकून उठून साहेबांना विचारून येतो. बायकोचा भाऊ परवा आला होता, तो चहा पिता पिता आपणहून सांगायला लागला की आईच्या बांगड्या त्याच्याकडेच आहेत, पण ठेवायला म्हणून आहेत. आधी लोक त्याला घाबरून गप्प बसायचे, आता घाबरून बोलतात. ह्यात त्याचं एक मन हळूच मजा घेतं, आणि दुसरं मन त्या मजा घेणाऱ्या मनाकडे चमकून बघतं, कारण ही मजा त्याला पूर्वी ठाऊक नव्हती. माणसं आपल्याआपण उघडतात, आणि मग आत आणखी काय आहे ते बघावंसं वाटतं. लिफ्टमधला तो माणूस, सख्खी म्हणाला, ते का म्हणाला? घरी येऊन दूध तापवायला ठेवताना तो त्याच विचारात होता, आणि दूध उतू गेलं.

भुवई वर कशी गेली ते त्याला आता पाठ झालंय. खटल्याच्या प्रतिज्ञापत्रासाठी इतक्या वेळा सांगावं लागलं की ते आता दुसऱ्याच कुणाचं वाटतं. भुवयांच्या मधोमध दोन उभ्या रेषा होत्या, त्या भरून घ्यायला तो एका क्लिनिकमध्ये गेला. डॉक्टरीणबाईंनी सुईने कातडीखाली फिलर भरलं. भरताना कुठलीशी रक्तवाहिनी तुंबली. कपाळाचा तेवढा तुकडा आधी पांढरा पडला, मग जांभळट जाळीदार, आणि दुखायला लागलं. तो दुसऱ्या दिवशी जाऊन आला तेव्हा बाईंनी बर्फ लावा म्हणून परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी फोनवरच्या मुलीने सांगितलं की बाई परिषदेला गेल्यात, बर्फ लावा. मग ते काळं पडलं. खपली धरली, खपली गेली, तिथे भुवयांमधून निघून कपाळावर तिरका चढणारा एक खड्डा राहिला, आणि तो खड्डा भरून येताना कातडीने डावी भुवई आपल्याकडे ओढून घेतली. भुवईबरोबर पापणीही थोडी गेली. झोपेत डावा डोळा पुरता मिटत नाही. सकाळी तो कोरडा, वाळू गेल्यासारखा असतो, आणि दुपारपर्यंत पडद्यावरचे चेहरे दोन दोन दिसायला लागतात. आणि त्याचं तर कामच चेहऱ्यांचं. तो फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून रिटचिंग करतो, फोटोतले डाग-सुरकुत्या काढतो. आता अर्धा दिवसच करतो, मालक अर्ध्या दिवसाचेच पैसे देतात, तेही तोंडावर काही न बोलता, हा त्यांचा चांगुलपणा. दुसऱ्या सर्जनने पाहून सांगितलं की ऑपरेशन करून ओढ सोडवता येईल, डोळा मिटेल. त्या ऑपरेशनचा आकडा ऐकून बायकोने पर्स मिटली होती, आणि बहिणीची मुलगी, जी वकील आहे आणि ज्या खटल्यांत पैसे मिळत नाहीत ते घरचे म्हणून लढवते, ती म्हणाली होती, "मामा, हे ऑपरेशन त्या बाईच्या पैशाने व्हायचं. तू फक्त मी सांगते तेवढंच बोल."

तो मुळात बोलतोच कमी. रेषाही त्यामुळेच पडल्या असतील, असं आई म्हणायची, बोलायचं ते सगळं कपाळावर साठतं ह्याचं. पण तेव्हा त्याला रेषांचं काही वाटलं नव्हतं. मुलाचं लग्न होऊन सून घरात आली आणि महिना दोन महिने त्याच्याशी बोलेचना. चहा ठेवायची तो टेबलाच्या त्या टोकाला, जिथून त्याला हात लांब करून घ्यावा लागायचा. मग एकदा स्वयंपाकघरातून ऐकू आलं, मुलगा तिला म्हणत होता, "बाबा चिडलेलेच दिसतात गं, लक्ष नको देऊस." तो दाराबाहेर पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता. चिडलेले. त्या क्षणी तो चिडलेला नव्हता. त्याआधीही बहुतेक कधी नव्हता. मग इतकी वर्षं सगळे एका चिडलेल्या माणसाबरोबर राहत होते, आणि तो माणूस तो नव्हता, तर कोण होता?

हे त्याला क्लिनिकच्या बाहेरच्या खोलीत बसल्यावर पुन्हा आठवलं. ती खोली. प्रतिज्ञापत्रात ती खोली अशी आहे: भिंतीवर आधीचे आणि नंतरचे असे जोडीजोडीने फोटो लावले होते, ते पाहून तक्रारदाराची दिशाभूल झाली व त्याने उपचारास संमती दिली. भाचीने लिहिलेलं वाक्य. वाक्यात चूक काही नाही. पण खोली तशी नव्हती. पुन्हा बघू.

खोलीत गार हवा होती, कुठून येते ते दिसत नव्हतं. कोचावर बसलं की माणूस खाली जायचा आणि फोटो वर राहायचे. समोर एक बाई होती, म्हणजे फोटोत. डावीकडे कपाळावर आठ्या असलेली, थकलेली, रात्रभर कुणाच्या उशाशी बसलेली असावी अशी. उजवीकडे तीच, कपाळ स्वच्छ, ओठांच्या कडेला काहीतरी सुटल्यासारखं. तिच्याकडे बघून त्याला बरं वाटलं. अगदी मनापासून वाटलं, बरं झालं बिचारीचं. आणि ह्या वाटण्याच्या मधोमध कुठेतरी त्याला हेही माहीत होतं की ही जोडी त्याने स्वतः केलेली आहे.

नाही, असंही नाही. माहीत होतं म्हटलं तर मग बरं वाटलं ते खोटं ठरतं, आणि ते खोटं नव्हतं. पुन्हा. क्लिनिकचं काम त्यांच्या स्टुडिओत यायचं, वर्षानुवर्षं यायचं. डावीकडच्या फोटोत रेषा जरा खोल करायच्या, रंग जरा पिवळट, डोळ्यांखाली थोडं काळं धरायचं. उजवीकडच्यात ते सगळं काढायचं. डावं उजवं एकाच दिवशी काढलेलं असलं तरी हरकत नसायची, कधीकधी असायचंच. तो करायचा. कामाला बसलं की पडद्यावर चेहरा नसतो, कातडी असते. छिद्रं, लव, पुरळ, छायेचा एक डाग, मऊ ब्रशची एक फुली. तिथे नाक आलं तर ते डोंगरासारखं मोठं येतं आणि निघून जातं. अशी शेकडो कपाळं त्याने केली, पण त्या कपाळांना माणसं होती हे त्याला त्या कोचावर बसल्यावर कळलं. खालून वर बघताना. चौकटीत, पिवळ्या दिव्याखाली, गार हवेत. जो हात फिरला होता तो त्याचाच, हे त्याला कळत होतं, जसं जादूगाराच्या भावाला कळत असेल की पत्ता बाहीत आहे. पण जादूगाराचा भाऊसुद्धा पत्ता निघाला की टाळी वाजवत असेल, नाही का? का वाजवत असेल? मग आत गेल्यावर डॉक्टरीणबाई त्याच्या कपाळावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्या दोन रेषा आपण भरून टाकू," आणि त्याला घरी आल्यासारखं वाटलं. कारण रेषा भरणं हा त्याचा स्वतःचा शब्द होता. तरुणपणी निगेटिव्हवर तो शिसपेन्सिलीने रेषा भरायचा. सॅंडपेपरवर घासून घासून टोक सुईसारखं करायचं, निगेटिव्ह उजेडावर धरायची आणि सुरकुतीच्या पांढुरक्या धाग्यात शिसं भरत जायचं, श्वास न सोडता. बाईंच्या हातातली सुईही तेवढीच बारीक होती. बाईही श्वास सोडत नव्हत्या. त्याला आठवतं, त्या क्षणी त्याला त्यांच्याबद्दल आपल्या लाईनीतलं कुणी भेटल्यावर वाटते तशी आपुलकी वाटली होती.

भिंतीचं हे त्याने भाचीला सांगितलं होतं. लपवण्यासारखं त्याला काही वाटलंच नव्हतं, उलट ते विचित्र आहे, तिला आवडेल, असं वाटलं होतं. तिने पेन खाली ठेवलं. "मामा, हे तू मला सांगितलं नाहीस."

"आत्ताच सांगितलं की."

"नाही सांगितलंस. आणि कुणालाच सांगणार नाहीस. आपल्या केसचा एक पाय त्या भिंतीवर उभा आहे."

मग तिने आधीचा फोटो मागितला. बर्फ लावा म्हणून परत पाठवलं ही चूक जवळजवळ सिद्ध आहे, ती म्हणाली, सर्जनचं मत आपल्या बाजूने आहे. आता राहिलं किती बिघडलं ते, आणि ते कळायला आधीचं पाहिजे. त्याने कपाटातले सगळे अल्बम काढून पलंगावर पसरले. लग्न, बारसं, सहली, मुलाचं पहिलं दप्तर, मुलाचं लग्न. बायको तांदूळ निवडत दारात उभी राहिली. एकही पान असं नव्हतं ज्यावर त्याचा हात फिरला नव्हता. घरातले फोटो तो दुकानात न्यायचा, जेवणाच्या सुट्टीत बसायचा आणि सगळ्यांचं जरा जरा करायचा: बहिणीचा दात, बायकोचा घाम, मुलाचा पुरळ, आणि न चुकता स्वतःच्या भुवयांमधल्या दोन रेषा. प्रत्येक वयातला तो, आणि प्रत्येक वयात कपाळ स्वच्छ. शाळेतल्या ओळखपत्रापासून पुढे तो एका शांत, थोड्या मठ्ठ माणसासारखा हसत आलेला होता.

"हा कोण?" त्याने विचारलं.

"तुम्ही," बायको म्हणाली.

"असा होतो मी?"

"असे कशाला असाल," ती म्हणाली आणि सुपातला खडा खिडकीतून टाकला. "जेवा आधी."

भाचीने मुलाच्या लग्नातला निवडला. ह्याच्यावर मी काम केलंय, तो म्हणाला. सगळेच करतात मामा, ती म्हणाली, आता तर फोन स्वतःच करतो, न विचारता. आणि तिने तो फाईलला लावला. त्या फोटोत आणि आजच्या तोंडात इतका फरक होता की कुणालाही वाईट वाटलं असतं. जितकं वाईट वाटेल तितकं बरं, असं ती म्हणाली नाही, पण फाईलची नाडी बांधताना तिने ती जरा खूश होऊन बांधली.

मग क्लिनिकचं उत्तर आलं आणि त्याबरोबर त्यांचा फोटो. उपचाराआधी त्यांनी काढलेला. भुवया, नाकाचा वरचा भाग, कपाळ, एवढंच. दोन रेषा होत्या, पण कशा? विहिरींसारख्या. दोन्हींच्या खालच्या कडेला, जिथे वरचा उजेड पोचत नाही, तिथे छाया अंमळ जास्त झाली होती. त्याने कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब नेला. मग दुसऱ्या दिवशी स्टुडिओत नेला आणि मालकांपुढे ठेवला. मालक एरवीसारखे समोसा खात नव्हते, काही खात नव्हते, नुसते पंख्याखाली बसले होते, म्हणून लगेच बोलले.

"आपलंच आहे. मीच केलं. तू तेव्हा कपाळाला पट्टी बांधून घरी होतास, काम साठलेलं. जास्त झालंय का खाली?"

"जरा झालंय."

"घाई होती रे."

"हे माझं कपाळ आहे."

मालकांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे. "तोंड नव्हतं त्यात," ते म्हणाले. "तोंड असतं तर ओळखलं असतं. इतकी वर्षं समोर बसतोस, ओळखणार नाही का?" आणि भुवई वर होतीच, म्हणून पुढेही बोलले, "खरं सांगू का, नसतं ओळखलं बहुतेक."

तेव्हापासून त्याला झोप लागेना असं नाही, पण कुतूहल लागलं. एका बाजूला त्याचा स्वतःचा गुळगुळीत फोटो, दुसऱ्या बाजूला मालकांच्या हातचा विहिरींचा, दोन्ही एकाच दुकानातले, आणि खटला त्या दोघांमध्ये चाललेला. मधला माणूस कुठे आहे? जो रोज सकाळी उठून दाढी करत होता? आरशात तो त्याला कधी दिसला नव्हता. आरशासमोर उभं राहिलं की माणूस कपाळ सोडतो, हनुवटी जरा वर धरतो, आपल्याला आवडेल असा होतो. तो आरशापासून वळला की मगच त्या रेषा येत असणार, आणि तेव्हा त्या बघायला तो तिथे नसणार. म्हणजे जो चेहरा गेला, तो सगळ्या जगाने पाहिला होता, एकटा तो सोडून. त्याने विचारायला सुरुवात केली. वेगळं राहायला गेलेल्या मुलाला फोन केला. चिडलेले दिसायचात, मुलगा म्हणाला, का? सुनेने फोन घेतला, ती हल्ली खूप बोलते त्याच्याशी, म्हणाली, "मला वाटायचं मी काहीतरी विसरलेय आणि तुम्हाला ते आठवतंय." बहीण म्हणाली, अण्णांसारखा, अगदी अण्णांसारखा, आणि रडायलाच लागली, त्यामुळे पुढे विचारता आलं नाही. मालक म्हणाले, पोट बिघडल्यासारखा. शेजाऱ्याने बराच विचार करून सांगितलं की तुमच्याकडे कधी नीट पाहिलंच नाही, माफ करा. त्याने हे सगळे एकावर एक ठेवून पाहिले, चिडलेला, आठवणारा, वडिलांसारखा, पोट बिघडलेला. माणूस होईना. बायकोला त्याने दोनदा विचारलं. एकदा ती म्हणाली, तुमच्यासारखेच दिसायचात, दुसरं कोणासारखं दिसणार. दुसऱ्यांदा ती डोळ्यात थेंब घालत होती त्याच्या, रात्रीचे, म्हणाली, "वर बघा. आता बोलू नका."

ग्राहक मंचाची खोली जुन्या सरकारी इमारतीत होती. खुर्च्या एकमेकींना पट्टीने जोडलेल्या, एक हलली की सगळ्या हलायच्या, त्यामुळे कोण अस्वस्थ आहे ते सगळ्यांना कळायचं. अध्यक्षबाई वयस्कर, घशाला काहीतरी झालेलं, गोळी चघळत होत्या. प्रतिपक्षाचे वकील सर्दीने बेजार. डॉक्टरीणबाई पहिल्या रांगेत मांडीवर पर्स ठेवून बसल्या होत्या आणि तो त्यांच्याकडेच बघत होता, रागाने नव्हे. त्यांचं कपाळ काही म्हणजे काही सांगत नव्हतं. त्यांना वाईट वाटत असेल, भीती वाटत असेल, घरी कुणी आजारी असेल. दिसायला मार्ग नव्हता. कुणी भरलं असेल त्यांचं? स्वतःचं स्वतः भरता येत असेल का? भाचीने त्याच्या कोपराला कोपर लावलं. "लग्नातला फोटो दाखवतील. हा माझा फोटो, एवढंच म्हण. तुझाच आहे ना? मग खोटं काय त्यात. ऑपरेशनचा विचार कर. डोळ्याचा कर." तो डोळ्याचा विचार करत होताच. सकाळपासून त्यात वाळू होती.

त्याला साक्षीदाराच्या जागेवर उभं केलं, आणि वकिलांनी नाक पुसून फोटो पुढे धरला. "हे तुम्हीच?"

"मीच."

"कपाळ तर छान गुळगुळीत आहे. मग भरायला काय गेला होतात, साहेब?"

मागे कुणीतरी हसलं, खुर्च्या हलल्या. भाची उठली, बसली. वकिलांनी दुसरा कागद धरला, विहिरींचा. "आणि हे कपाळ कुणाचं?"

"तेही माझंच."

"हे इतकं वाईट होतं. म्हणजे आता जे आहे ते फार बिघडलं असं म्हणता येणार नाही, बरोबर?"

अध्यक्षबाईंनी हात वर केला आणि दोन्ही फोटो मागून घेतले. एकमेकांशेजारी ठेवले. गोळी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. "ह्या दोहोंत जेमतेम वर्षाचं अंतर आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही खरे असू शकत नाहीत. खरा कुठला?"

भाची त्याच्याकडे बघत नव्हती, इतकी बघत नव्हती की तिची मान आखडली होती. पहिला, एवढं म्हणायचं होतं. तीन अक्षरी शब्द. त्याने तो तोंडात आणून ठेवलाही. पण अध्यक्षबाईंची स्वतःची एक भुवई वर गेली होती, डावी की उजवी ते त्याने पाहिलं नाही, ती नुसती गेली होती, आपल्याआपण, कुणी न ओढता, कारण त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं; आणि त्याला लिफ्टमधल्या त्या माणसासारखं झालं. समोर प्रश्न होता आणि तोंड उघडलं.

"दोन्ही नाहीत," तो म्हणाला. "हा मी केलाय. तो आमच्या मालकांनी केलाय. खाली जरा जास्त झालंय त्यांच्याकडून."

भाचीने डोळे मिटले. वकिलांची सर्दी थांबली. "तुमच्या मालकांनी? म्हणजे क्लिनिकचं काम तुमच्याच दुकानात होतं?"

"हो."

"भिंतीवरचे फोटोसुद्धा?"

"ते मी करायचो."

"म्हणजे," वकील आता सगळ्या खोलीशी बोलत होते, "भिंतीवरचे फोटो तुम्हीच केलेत, आणि त्याच फोटोंमुळे तुमची दिशाभूल झाली, असं तुमचं म्हणणं आहे?"

"हो."

ह्या वेळी सगळेच हसले, टंकलेखकही, एक डॉक्टरीणबाई सोडून, किंवा त्याही हसत असतील. "हे कसं शक्य आहे?"

"तेच मला कळत नाहीये, साहेब. तुम्हाला कळलं तर सांगा."

तो चेष्टा करत नव्हता, आणि हे हळूहळू खोलीला कळलं असावं, कारण हसू आपोआप विरलं. अध्यक्षबाई पुढे झुकल्या. त्या रागावल्या नव्हत्या. "डोळ्याचं दिसतंय मला," त्या म्हणाल्या. "बर्फाचंही कागदावर आहे. पण तुम्ही चेहऱ्याची भरपाई मागताय. काय गेलं तेच कळलं नाही तर मी भरपाई कशाची देऊ?"

"मीही तेच विचारत फिरतोय सगळ्यांना," तो म्हणाला.

मागच्या रांगेत खुर्च्या हलल्या. बायको उभी होती. "मी सांगू का?" ती म्हणाली. तिला पुढे बोलावलं, शपथ घ्यायला लावली, तिने ती शाळेतल्या मुलीसारखी मोठ्याने घेतली. वकिलांनी हरकत घेतली, साक्षीदारांत नाव नाही म्हणाले, अध्यक्षबाई म्हणाल्या नोंद घ्या हरकतीची, आणि तिला म्हणाल्या, बोला.

"बोलून नाही सांगता येणार," ती म्हणाली. चष्मा काढून भाचीच्या हातात दिला. खाली बघितलं, क्षणभर, जसं कुणी पाण्यात उतरायच्या आधी बघतं. मग वर पाहिलं.

ती ती नव्हती. भुवया जवळ आल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये दोन रेषा उभ्या राहिल्या होत्या, डावी जरा उंच, उजवी जरा आखूड. हनुवटी आत. खालचा ओठ दातांनी धरलेला, पण हलकेच, सुटेल इतकाच. मान डावीकडे थोडी कललेली. ह्यातलं मान कललेली हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. टंकलेखकाची बोटं थांबली. वकील बघायला अर्धे उठले होते. त्याला वाटलं होतं राग असेल, निदान त्रासिकपणा असेल, लोक उगीच नसतील म्हणत. म्हणून त्याने त्या चेहऱ्यात राग शोधला, सवयीने, कपाळापासून खाली. राग नव्हता. आतल्या खोलीतून कुणी हाक मारली की काय, असं वाटून माणूस हातातलं काम थांबवतो, आणि हाक पुन्हा येते का म्हणून ऐकत राहतो, तसा तो चेहरा होता. इतकी वर्षं ती ह्या चेहऱ्यासमोर जेवायला बसत होती. ती घाबरली नव्हती कधीच, हे त्याला आत्ता कळलं, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं.

"अध्यक्षा मॅडम, हे काय लिहू?" टंकलेखकाने विचारलं. अध्यक्षबाईंनी त्याला हाताने गप्प केलं.

तो साक्षीदाराच्या जागेवरून खाली उतरला. उतरायची परवानगी नसते, पण कुणी अडवलं नाही. तो तिच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला, कोरडा डोळा चोळला, आणि डाव्या बाजूने पाहिलं, मग उजव्या बाजूने.

"अहो," ती ओठ न हलवता म्हणाली, "दुखायला लागलं."

"अजून जरा," तो म्हणाला. "जरा धर."